दाब, धर, सोड

मेढ्यात, एसटी स्टँडच्या मागं, हैदर शिकलगारांच्या शेडात
मी पहिल्यांदा अप्पांच्या सीटवर बसले.
गॅरेजचा पोऱ्या आयटीआयच्या परीक्षेला गेलेला,
म्हणून पाय माझा.
"चप्पल काढ," हैदरचाचा ट्रॅक्सखालून म्हणाले,
"तळव्याला कळतं, रबराला नाही."

सगळ्यात लांबचं चाक आधी. मागचं डावं.
निपलला सलाईनची नळी,
नळीचं दुसरं टोक खोकल्याच्या औषधाच्या बाटलीत,
बुडाशी बोटभर नवं ऑइल.
दाब. दाब. दाब. धर.
मी धरते.
खाली पाना पाव आटा फिरतो
आणि पेडल माझ्या पायाखालून निघून जातं,
अंधारात जिना संपला म्हणून पाऊल टेकवावं
आणि अजून एक पायरी असावी, तसं.
"सोडू नको! मी म्हणेपर्यंत नाही!
घालवलेली हवा परत ओढून घेईल ती."
पाना आवळला.
सोड.

अप्पा बॉनेटपाशी, डब्यात ऑइल ओतत,
दुसऱ्या हातात फडकं, थेंब सांडला तर रंग खातो म्हणून.
बोलत नाहीत.
मंगळवारी केळघरच्या घाटात काय झालं
तेही बोलले नव्हते.
ते मला गिरणीत कळलं, चिमणकाकूंकडून,
पीठ बोटांत चोळून बघता बघता:
"पंधरा माणसं, टपावर करंड्या, एक शेळी.
पेडल गेलं की तळाला.
तुझा बा काय बोलला नाही बघ.
नुसता गेर पाडत गेला,
आन् गाडी डोंगराच्या अंगाला घासत घासत थांबवली.
शेळी तेवढी वरडली."

त्या रात्री त्यांनी दोन भाकऱ्या खाल्ल्या.
मीच वाढल्या होत्या.

नळीतून आधी काळं येतं, शिळ्या कोऱ्या चहासारखं.
मग बुडबुडे, एकामागं एक, मग थांबून एक.
"हे ऑइल हवेतलं पाणी पितं, पोरी,
झाकण लावलं तरी पितं.
उतरणीला तापलं की त्या पाण्याची वाफ.
ऑइल दबत नाही. वाफ दबते."
पान्याचा ठक असा आवाज.
"चार पावसाळे झाले ना रे, पांडुरंग?"

अप्पा डब्यात बघत राहिले.
"पैशाचं नव्हतं," ते डब्यालाच म्हणाले.
"राहून गेलं."

मागचं उजवं. पुढचं डावं. पुढचं उजवं.
माझी पोटरी भरून आली.
पेडल वर वर यायला लागलं,
अर्ध्यावर, मग त्याच्याही वर,
मग तळव्याखाली एकदम
नदीत उतरताना खडक लागावा तसं.
मी सांगितलं, लागलं.
हैदरचाचा म्हणाले, मागचं डावं पुन्हा.
मोहरीएवढा एक निघाला.

वेण्णेच्या पुलाअलीकडं, सपाटीवर,
पुढं ना माणूस ना म्हैस,
अप्पांनी ब्रेक मारला.
गाडी जागच्या जागी.
थोडं पुढं नेऊन परत.
परत.
तिसऱ्यांदा माझाही पाय दाबला गेला,
माझ्या बाजूला नुसता पत्रा आहे तिथं,
आणि मी तो तसाच धरून ठेवला.
सोड असं कुणी म्हणालं नव्हतं.