फलक क्रमांक सात

साठ शब्द.
त्याहून जास्त उभ्याउभ्या कुणी वाचत नाही,
ब्रेमेनच्या ऑफिसात पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं मला.
खालची कड इतकी वर, की चाकांच्या खुर्चीतले गुडघे आत सरकावेत,
वरची इतकी खाली, की सहा वर्षांच्या पोरीला
टाचा उचलाव्या लागू नयेत.
खांब ओकचा, बिनरंगाचा, कारण बंधाऱ्यावरच्या मेंढ्या
मिळेल त्याला अंग घासतात.

बंधाऱ्यामागे गाव. पुढे नऊ किलोमीटर चिखल,
दिवसातून दोनदा समुद्र होणारा.
त्या चिखलाला इथले लोक 'वाट' म्हणतात.
उच्चार जरा तोकडा, 'वा' लांबायच्या आत आटोपलेला,
पण माझ्या कानाला वाटच.
सहा फलक झाले: किडे, शिंपले, सील, पक्षी, भरती, ओहोटी.
सातवा राहिला होता. बेटाकडे चालत कसं जायचं.

कच्चा मसुदा घेऊन ट्यार्क ओन्केनकडे गेले.
वय एक्याऐंशी, हयात कोळंबीच्या होडीवर गेलेली.
त्यानं चष्मा पुसला, कागद लांब धरला.
मी लिहिलं होतं: तीनशे मीटरवर डावीकडे ओहोळ लागतो.
तो म्हणाला, "कुठल्या वर्षी?"

मग उठला, शेडमध्ये गेला,
बराच वेळ काहीतरी हलवल्याचे आवाज,
आणि एक पत्रा घेऊन आला काखेत.
पांढरा पत्रा. त्यावर लाल बाण.
बेटाकडे, असं एकच अक्षर-ओळ, हातानं रंगवलेली,
ठाशीव, सरळ, कुठेही ओघळ नाही.
"नगरपालिकेनं लावला तेव्हा बरोबर होता," तो म्हणाला.
"तीन हिवाळ्यांत ओहोळ सरकला. बाण नाही सरकला.
हिनरिक धुक्यात निघाला. माझा धाकटा.
त्याला वाचता छान यायचं."

इतकंच. मग त्यानं कॉफी ओतली.

मी पत्र्याकडे बघत राहिले.
साठ वर्षांनंतरही बाण लांबून वाचता येत होता.
आमच्या धंद्यात याला उत्तम काम म्हणतात.

खिडकीतून दिसत होत्या बर्चच्या फांद्या,
चिखलात रांगेनं खोवलेल्या, शेंडे वाऱ्यानं विंचरलेले.
दर मार्चमध्ये फ्राउके, त्याची नात, नव्या लावते,
आदल्या वर्षीच्या उपटून, ओहोळाच्या मागे मागे.
ना अक्षर, ना रंग, ना कंपनीचं चिन्ह.
पाटी म्हणून माझ्या लक्षात आल्याच नव्हत्या त्या,
सर्पण समजून मी दोन फोटोंतून कापल्या होत्या.

समितीत जीबेल्स बाईंनी मसुदा उलटसुलट केला.
"अर्धा फलक कोरा?"
हो.
"आणि हे भोक?"
खांबाला, तिरकं, अंगठ्याएवढं.
फ्राउके दरवर्षी त्यात एक फांदी खोवेल,
या वर्षीच्या रांगेकडे शेंडा करून.
"आणि विसरली तर?"
तर भोक रिकामं दिसेल, मी म्हणाले,
आणि रिकामं भोक बघून कुणी चिखलात उतरणार नाही.
हे बोलताना माझी मलाच खात्री नव्हती.
बाईंनी पेनानं टेबलावर दोनदा ठोकलं.
मंजूर. पण पैसे अर्ध्या छपाईचेच.

छापले ते शब्द एकोणीस.
दोन भाषांत, वर इथली जुनी, खाली शाळेतली:
वाट दरवर्षी जागा बदलते.
फांदी नसेल तर परत फिरा.
असेल तरी कुणाला तरी विचारा.
उरलेले शब्द भरतीच्या वेळा कुठे मिळतात त्याचे.
हिनरिकचं नाव घालू का, विचारलं होतं.
ट्यार्क म्हणाला, "त्याला वाचत कशाला थांबवतेस लोकांना?"

एप्रिलमध्ये फ्राउकेचा फोन:
पहिली फांदी मेंढ्यांनी खाल्ली.
दुसरी तिनं जरा उंच खोवलीय.
मला विचारत होती, चालेल ना,
सहा वर्षांच्या पोरीला दिसेल ना तिथून.