ओहोटीभत्ता

पहिल्या दिवशी नेटवर्ककडे होतं ते एवढंच:
वर्सोव्यात तिसऱ्या मजल्यावर एक खोली,
खाऱ्या वाऱ्यानं पापुद्रे सुटलेले खिडकीचे गज,
मत्स्यबीजवाल्यांनी टाकून दिलेलं कपाट
(खालच्या कप्प्याला अजून सुकटीचा वास)
आणि मी, प्रतिनियुक्तीवर,
भूमापनातून आलेली कक्ष अधिकारी.
मासा मी ताटातच ओळखते. तोही शिजल्यावर.

डॉक्टर लोटलीकर म्हणाले, विज्ञान आम्ही बघतो बाई,
तुम्ही फक्त जाळं उभं करा.
फक्त.

जावक क्रमांक एक: वीजजोडणीच्या नावात बदल.
जावक क्रमांक दोन: तेच, स्मरणपत्र.
बँकेतला मुलगा विचारतो, खातं कुणाच्या नावे?
ट्रस्ट? सोसायटी? कंपनी?
मी म्हणते, सात तळी आहेत, दोन खाड्या, एक प्रयोगशाळा,
आणि त्यांना एकमेकांशी बोलायचंय.
तो संगणकात शोधतो.
असा पर्याय नाही.

शिक्का आला. 'संशोधन'चं 'संशोधान' झालेलं.
अंधेरीच्या शिक्केवाल्यानं ब्लेडनं काना खरवडून दिला.
तेव्हापासून आमच्या प्रत्येक पत्रावर
एक बारीक पांढरा व्रण असतो.

भरतीची जाहिरात काढली. डेटा ऑपरेटर, पदे दोन.
कोळीवाड्यातून फोन: मॅडम, भरती कवा हाय?
मी म्हटलं, पंधरा तारखेपर्यंत.
पलीकडे खसखस. मागून कुणीतरी:
पंधरा तारखेपरत चरत रेली तं मढ बुडंल!

मग पहिली बैठक. इतिवृत्त मी लिहिलं.
पेणच्या खारेपाटातून हरिश्चंद्र मोकल आले, जिताड्याचं तळं.
नमुन्यादाखल भरलेल्या तक्त्यात 'क्षारता' या रकान्यात
त्यांनी लिहिलं होतं: डोळ्यातल्या पाण्याहून थोडी जास्त.
लोटलीकरांनी विचारलं, कुणाच्या डोळ्यातल्या?
मोकल म्हणाले, माझ्याच. दुसऱ्याचं कधी चाखलं नाही.
मी ते शेरा या सदरात घेतलं.

आणि हिरूबाय चिखले, कालवं काढणाऱ्या.
संस्था: कोरं. पदनाम: कोरं.
सही मात्र ठसठशीत, रकाना ओलांडून
मोकलांच्या सहीवर चढलेली.
मासिक अहवाल बेचाळीस रकान्यांचा असावा की कसं,
यावर तास गेला. त्या म्हणाल्या,
जालं इनताना आदी आस ठरते.
बारीक आस ठेवाल तं चिखलच भरंल,
मंग वर कोन खेचनार?
बेचाळीसाचे नऊ झाले.

शेवटचा विषय, प्रवासभत्ता. आठ किलोमीटरच्या आत देय नाही.
हिरूबाय तीनशे पावलांवरून आलेल्या.
म्हणाल्या, चालन्याचं नाय मागत.
माजी सुकती गेली ना आज.
सुकती म्हणजे ओहोटी, मोकल माझ्या कानाशी पुटपुटले.
चार तासांची ओहोटी, दीड टोपली कालवं,
आणि त्या आमच्या पंख्याखाली बसून होत्या.

मी नियमावली चाळली. पावसाचा होता, डोंगराचा होता,
एक तर चक्क घोड्याचा होता, ब्रिटिशांपासून चालत आलेला.
मसुद्यात घातलं: कलम अकरा-ब, ओहोटीभत्ता.
लोटलीकर हसले. चष्मा पुसला. मग सही केली.

काल लेखापरीक्षेचं पत्र आलं:
'ओहोटी' या संज्ञेची व्याख्या कळवावी,
ती प्रत्यक्ष झाल्याचा पुरावा जोडावा.

बावीस वर्षं मी हद्दी आखल्या. दगड रोवला
की तो तिथंच राहायचा.
आज पहाटे, चपला हातात घेऊन,
हिरूबायच्या मागून खडकांवर उतरले.
त्यांच्या कोयतीची टक् टक्.
टेप धरला. त्रेसष्ट मीटर, चाळीस सेंटिमीटर.
लिहीपर्यंत आकडा जुना झाला.
तोच लिहिला. पुढे वेळ टाकली.
साक्षीदार म्हणून त्यांची सही घेताना
कागद ओला झाला.
तसाच जोडला आहे.