सव्वीस इंच

टिक्.
एवढंच. अडकित्त्यात सुपारी
फुटण्याआधी दचकते, तेवढंच.
गच्चीवर कुणी मान वळवली नाही.
बाण जुन्या गादीच्या वळकटीत नीट रुतला होता
आणि दुर्वा ओरडली, "लागला!"

मी म्हटलं, दुसरा लावू नकोस.
दोरी उतरव.

कापसाचा बोळा घेतला, पाठीवरून फिरवला,
मुठीपासून वर, सावकाश.
डोळ्यांना फार विचारायचं नसतं अशा वेळी.
दोन वितींवर एक तंतू अडकला
आणि तिथेच राहिला,
वाऱ्यावर हलत.

धामणीचं लाकूड. तुळशी तलावाच्या अंगाला
वादळात पडलेल्या झाडाचं.
लखमा बरफनं ते फाडून दोन वर्षं
पाड्यावरच्या चुलीच्या वर ठेवलं होतं.
देताना म्हणाला, धामणच ही, बाई. सापही धामण, झाडही धामण.
वाकव, वाकेल.
दुखवलंस तर लक्षात ठेवील.

मी फ्रेमा करणारी. भांडुपला, टेंभीपाड्याच्या उतारावर दुकान.
नवरा-नवरी, देव, दहावीचे गुणवंत,
वारलेले सासरे,
सगळ्यांना चार काटकोनांत बसवते.
वाकडी पट्टी आली की वखारवाल्याला परत.
ही एकच, वाकावी म्हणून घासली मी,
फुटक्या काचेच्या धारेनं, सहा महिने,
रात्री शटर अर्धं ओढून.
भिंतीतल्या खिळ्याला टांगून रोज थोडं खेचायचं,
थांबायचं, बघायचं कुठे ताठ राहतंय,
तिथून एक साल काढायची,
पुन्हा खेचायचं.

दुर्वा तेव्हा तेरा वर्षांची.
हात ताणून उभी राहिली, टेप लावली: सव्वीस.
पेन्सिलीनं भिंतीवर लिहिलं. अजून आहे,
महालक्ष्मीच्या कॅलेंडरमागे.
लाकडाला मी तेवढंच शिकवलं.
सव्वीसपर्यंत ये.
त्यापुढे तुझं काही काम नाही.

बाजूचा प्लंबर म्हणाला, एपॉक्सी भरा, बाप निघेल आत.
मी सरस भरला. वर रेशमी दोरा,
वेटोळ्याला वेटोळं चिकटून,
नथीच्या मोत्यांसारखा.
इतका देखणा झाला तो भाग
की मला स्वतःचीच शंका आली.

लखम्यानं दोऱ्याकडे पाहिलंही नाही.
टोक जमिनीवर टेकवलं, तळव्यानं जरासं दाबलं,
कान जवळ नेला.
"पोटाला असती तर काही बघितलं असतं. पाठीला आहे."
पुढचं बोलला नाही. तंबाखू मळत बसला.
पाठ ताणली जाते, पोट दबतं,
हे मलाही माहीत होतं. तरी आले होते
पाड्यापर्यंत चढून.

मग म्हणाला, "पोरीला उभी कर."
कुंपणाची एक काठी दिली तिच्या हातात,
ओढल्यासारखं कर म्हणाला,
आणि हनुवटीजवळ काठीला नखानं खूण केली.
घरी येऊन मोजली.
एकोणतीस.

तीन इंच.
शाळेच्या स्कर्टची दुमड मी दोनदा उसवली होती,
चपला तीनदा बदलल्या.
हाताकडे नाही पाहिलं.
"ताण की अजून," असं मीच म्हणायचे मागे उभी राहून,
आणि ती ताणायची,
आणि ते यायचं,
न शिकवलेलं इंच इंच देत.

"माझ्यामुळे मोडलं?"
भांड्यांचा आवाज थांबवून तिनं विचारलं.
सांगण्यासारखं पुष्कळ होतं.
मी म्हटलं, भात लावलाय, ताटं घे.

दोरी काढून घडी केली, मेणाच्या डबीत ठेवली.
धनुष्य दुकानात, काचांच्या मागे, आडवं.
गिऱ्हाईक विचारतं, हे केवढ्याला?
मी म्हणते, ते गिऱ्हाइकाचं आहे.

लखम्याच्या चुलीवर दुसरं खोड चढलंय.
धूर खातंय. दोन वर्षं म्हणाला, घाई केली तर
हेही बोलेल.
दुर्वानं बोटांवर हिशेब केला.
"म्हणजे बारावीच्या परीक्षेत?"
नंतर, म्हटलं. परीक्षा होऊ दे.
तेव्हाच मोजू.