केस

सिडकोत पंखे सुरू झाले होते,
मी स्वेटरात.
"बाळंतिणीला वारं बाधतं," आत्याबाई म्हणाल्या,
आणि अजून एक डिंकाचा लाडू.

वजन वाढत होतं, दूध आटत होतं.
दुपारी रेवूला थोपटता थोपटता
मीच आधी झोपायचे.
त्याला घरात एक शब्द होता.
तो इथे लिहीत नाही.

चौथ्या महिन्यात एका रात्री
ती रडायची थांबेना.
ओवा झाला, हिंग झाला, दृष्ट काढून झाली.
अंबडहून सेकंड शिफ्ट करून आलेल्या हर्षलने
तिचा मोजा काढला:
अंगठ्याला माझाच केस, तीन वेढे,
अंगठा काळ्या द्राक्षासारखा.

नखांच्या कात्रीने सोडवला.
मग उशीवरचे, न्हाणीच्या जाळीवरचे
सगळे केस आत्याबाईंनी गोळा केले,
मुठीत धरून बसून राहिल्या.
उजाडल्यावर म्हणाल्या, "चल."

पाथर्डी फाट्याच्या लॅबमध्ये
पगारेबाईंनी रबराने दंड आवळला.
संध्याकाळी एक आकडा
ठळक छापून आला.

आता पहाटे गोळी,
वर अर्धा तास काही नाही.
आत्याबाई माझा चहा झाकून ठेवतात,
घड्याळाकडे बघतात,
तोवर रेवूची बोटं
एकेक करून तपासतात.

मला अजून थंडी वाजते.