टाचण क्रमांक चौदा

घटक चौरस, इयत्ता तिसरी, वेळ पस्तीस मिनिटं.
साधनं: रंगीत पुठ्ठे, फळा, गुण्या,
आणि खोलीवरच विसरलेली पट्टी.
शेवटच्या बाकावर कलशेट्टी मॅडम,
गुडघे मावत नाहीत म्हणून तिरक्या बसलेल्या,
मांडीवर माझ्या गुणांचा तक्ता.

मी पुठ्ठा उचलला. "हे काय?"
"चौरस!"
बाहेरच्या यंत्रमागांच्या वर चढला वर्गाचा आवाज.
रात्री आरशापुढे म्हणून पाहिलेलं
जसंच्या तसं चाललं होतं.
मग घाम पुसताना हातातला पुठ्ठा कलला,
एका टोकावर उभा राहिला
(हे टाचणात नव्हतं)
आणि पुढच्या रांगेतला इम्तियाज म्हणाला,
"टीचर, आता पतंग झाला."
"शंकरपाळी!" "बर्फी!"
वर्गाला एकदम भूक लागली.

सरळ धरला: चौरस.
कलता धरला: पतंग.
सहा वेळा.
दोऱ्याने बाजू मापल्या, कोपऱ्यांना गुण्या लावला.
"बघा, काही बदललं का?"
"नाही, टीचर."
"मग हे काय?"
"पतंग."
कलशेट्टी मॅडमनी पेनाचं टोपण काढलं.

तेव्हा भिंतीकडून उठली वडलाकोंडा लावण्या.
महिनाभरात हजेरीपलीकडे तिचा आवाज
मी ऐकला नव्हता.
मराठी ती जपून वापरते, नव्या पेन्सिलीसारखी.
डावा तळवा पसरला, ते पान.
उजव्या हाताची दोन बोटं, ती कात्री.
"अम्माचा पत्रा हाय ना टीचर, पानावर ठेवायचा.
पान फाटकं असलं तर आडवा,
शीर जाड असली तर तिरका.
कसाबी ठेव.
कापल्यावर तेवढंच येतंय की.
नाहीतर कारखान्यात छाट."

इम्तियाजने मान वाकडी करून पुठ्ठ्याकडे पाहिलं.
मग सरळ करून पाहिलं.
एकेक करत अख्खा वर्ग माना वाकड्या करून बसला.
"मग पतंग पण चौरसच?" कुणीतरी म्हणालं.
"तिरका ठेवलेला," लावण्या म्हणाली, आणि बसली.
"पण दोरा बांधला तर?" – इम्तियाज.
त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं,
घंटा झाली.

शेऱ्यात आलं:
साधनांचा वापर बरा. सहभाग चांगला.
उपयोजनाच्या टप्प्यावर विषयांतर.
जिन्यात मॅडम थांबल्या, चष्मा पुसत राहिल्या.
"ती पोरगी घरी पानं कापते का गं?"
"विचारलं नाही," मी म्हटलं.
मॅडम काही बोलल्या नाहीत.
वाकडी बोटं विचारल्याशिवायही दिसली होती,
मलाही, त्यांनाही.

आज ती पत्रा घेऊन आलीय,
वर्तमानपत्रात गुंडाळून,
विडी घरकुलापासून दप्तरात सांभाळत.
"संध्याकाळी परत पायजे, टीचर.
अम्माचे हजार व्हायचेत."
तंबाखूचा वास. कडा गुळगुळीत,
मधोमध अंगठ्याएवढी चकाकी.
सगळ्यांपुढे मी कोपऱ्याला गुण्या लावते.

बसत नाही.
झिजलाय कोपरा. पत्रा आणि गुण्या यांच्यामधून
नखाएवढा उजेड येतोय.
"बरोबर हाय ना टीचर?"
मागच्या बाकावर टोपण निघाल्याचा आवाज.
टाचण क्रमांक पंधरा.
घटक: काटकोन.