दोन शब्द जास्त

वेस्ट्रे बेटावर झाडं नाहीत,
वाऱ्याला अडवायला इझबेलचं घर तेवढं मध्ये.
जानेवारीत साडेतीनलाच अंधारून येतं.
‘आजची बोट रद्द’ ही पाटी
ती स्वतःच लावते धक्क्यावर,
आणि घरी येऊन, बूटही न काढता,
बघते या आठवड्याचा विषय:
भांडं.

बरोबर शंभर शब्द, रविवार रात्रीपर्यंत.
मतं पडेस्तोवर नावं झाकलेली.
बक्षीस काही नाही. जिंकेल त्यानं पुढचा विषय द्यायचा,
बाकीच्यांनी त्या विषयाला नावं ठेवायची.
अकरा जण आहेत, जगभर पांगलेले.
इनव्हरकार्गिलचा टेरेन्स, आयुष्यभर टपाल वाटलेला माणूस:
त्याला चंद्रावर लिहायला सांगा, चंद्रावर कुत्रा येतो.
हॅलिफॅक्सची एक नर्स लिहिते रात्रपाळीत.
तिच्या गोष्टीत कधीच कुणी मरत नाही.
बाकीचे कोण, कुठले, इझबेलनं विचारलेलं नाही.

तिची गोष्ट किटलीची.
पोचे पडलेली, परसातली, झाकण हरवलेली,
जिच्यात दोन मुली शिंपले लपवायच्या.
पहिला मसुदा एकशे एकतीस.
विशेषणं आधी जातात, त्यांना सवय असते.
मग ‘अचानक’.
मग एक अख्खा मामा गेला,
त्याच्या पाइपसकट, खोकल्यासकट.
(वाईट वाटलं. चांगला खोकायचा.)
एकशे दोनवर गाडं अडलं ते अडलंच.
चहा निवला. खिडकी थडथडत राहिली.
रात्री अकरा पन्नासला तिनं
‘मी आणि थोरा’ मधलं
‘आणि थोरा’ खोडलं.
शंभर.
पाठवून दिली.

थोरा राहते चार मैलांवर, बेटाच्या दुसऱ्या टोकाला.
बापाचा ट्रॅक्टर कुणी विकला, कुणाला न विचारता विकला,
घरात भांड्याला भांडं लागतंच,
पण याचा आवाज सहा वर्षं निघतोय.
दुकानात दोघी वेगवेगळ्या वारी जातात.
पाववाल्या मॅग्नसला दोघींचे वार पाठ आहेत.

सोमवारी अकरा गोष्टी उघडल्या, बिननावाच्या.
तिसरीत कुत्रा. ठीक.
पाचवीत कुणी मेलं नाही.
सातवीत एक मेंढी.
आंधळी, तपकिरी, हट्टी,
बाकी कशातूनच न खाणारी,
फक्त बापाच्या मोटरसायकलच्या
उलट्या ठेवलेल्या हेल्मेटमधून
ओट खाणारी मेंढी.

इझबेलनं खुर्ची मागे सरकवली.
जगात मेंढ्या पुष्कळ असतील.
हेल्मेट एकच होतं.
त्याची काच तिनेच फोडली होती, दगड मारून,
आणि मार थोरानं खाल्ला होता.
तेही होतं गोष्टीत. एका ओळीत. तक्रार न करता.

मग सवयीनं तिनं शब्द मोजले.
एकशे दोन.
परत मोजले, बोट लावून, शाळेतल्यासारखे.
एकशे दोनच.
नियमानं बाद.
कुठले दोन काढले असते तर भागलं असतं
हे शोधायला तिला वेळ लागला नाही:
‘मी आणि ती, कुंपणावर बसून’.
‘आणि ती’ सहज निघालं असतं.
कुणाला कळलंही नसतं.

म्हणजे किटलीही तिकडे वाचली गेली असणार.
किटलीपाशी शिंपले लपवणारी
एकटीच ‘मी’.

मत देता येत नव्हतं, नियम म्हणजे नियम,
आणि नियमांच्या बाबतीत इझबेल धक्क्यावरही
कुणाच्या बापाचं ऐकत नाही.
अभिप्रायाच्या चौकटीत तिनं बराच वेळ
काहीबाही लिहिलं, पुसलं.
शेवटी उरलं ते इतकंच:
‘दोन शब्द जास्त झालेत.
काढू नका.’

टेरेन्सचा कुत्रा जिंकणार, ते दिसतंच आहे.
पुढचा विषय कायतरी हाड वगैरे देईल.

चार मैल. वारा पश्चिमेचा. गाडीत अर्धी टाकी.
इझबेलनं अजून बूट काढलेले नाहीत.