स्टेशनरी

क्लेम नंबर नऊ आकडी आहे. पाठ झालाय.
रक्तगट विचारलात तर अडखळेन,
हा झोपेतही सांगेन.

कीरन नावाचा मुलगा आहे त्यांच्याकडे,
आवाजावरून माझ्या पुतण्याएवढा.
आडनाव विचारतो. मी सुटं सुटं देते,
डी फॉर डेल्टा, यू फॉर युनिफॉर्म,
दुधगावकर संपेस्तोवर त्याचा चहा निवत असणार.
मग म्हणतो, आता काय झालं ते
तुमच्याच शब्दांत सांगा.

माझ्याच शब्दांत, बाबा रे, त्याने ठोकली.
मंगळवार, सव्वाचार, पावसाची पिरपिर,
स्विंडनचं ते अचाट चक्र,
एका मोठ्या गोलात पाच छोटे गोल,
सोऱ्याची चकती असावी तसं.
त्याच्या तोंडाशी, पांढऱ्या रेघेच्या अलीकडे
मी उभी होते.
खरं तर बसले होते, पट्टा लावून,
पण आपल्यात गाडी थांबली की माणूस उभंच असतं.
कीरनला एवढंच म्हणाले, आय वॉज स्टेशनरी.

आणि म्हणताक्षणी हसू फुटलं.
जिंतूरच्या बसस्टँडसमोर अण्णांचं दुकान,
पाटीवर तेवढाच एक शब्द.
खोडरबराचा वास, जूनमध्ये वह्यांसाठी झुंबड,
गल्ल्यामागे स्टुलावर मी.
तेव्हापासून स्टेशनरीच आहे मी.
सॉरी? कीरन म्हणाला.
काही नाही. लिही.

कॉलिन ऍथर्ली, प्लंबर, साठीचा.
व्हॅनमधून उतरला तो पांढराफटक.
माझ्या कोटावरच्या काचा झटकायला हात पुढे केला,
मागे घेतला,
खिशातून पोलोची गोळी काढून दिली.
दहादा सॉरी म्हणाला. मीही म्हणाले.
एकोणीस वर्षं इथे काढली की
कुणी पाय दिला तरी आपणच म्हणतो.
त्या माझ्या एका सॉरीवर कीरनचे तीन फोन झाले:
कधी म्हणालात, कशाबद्दल, कोणत्या अर्थाने.

नवव्या दिवशी ऍथर्लीचा जबाब आला.
शी केम आउट ऑफ नोव्हेअर.
म्हणजे मी कुठूनच आले नव्हते.

चोराच्या उलट्या बोंबा! मोठ्याने म्हणाले,
ऐकायला फक्त फ्रिज.
पुढची शिवी पोलोच्या चवीशी अडली,
गिळून टाकली.

स्केच पाठवा, कीरन म्हणाला.
लेकीची कंपासपेटी घेतली.
सहा वर्तुळं काढली, टोक टेबलात रुतलं.
एक चौकोन तो, एक चौकोन मी.
माझ्यामागे बाण: ड्रोव्ह रोडवरून आले.
त्यामागे दातांचा दवाखाना, बधिर दाढ
(सॉरीसुद्धा अर्ध्याच तोंडाने म्हणाले होते).
त्यामागे वॉर्डातली रात्रपाळी.
त्यामागे हीथ्रो, दोन बॅगा, एकीत कुकर.
त्यामागे परभणीचं नर्सिंग कॉलेज, एसटीतली खिडकी,
अर्धं वर गेलेलं शटर,
अण्णा वाकून किल्ली शोधताहेत.
कागद पुरेना. उलटून पाठीवर काढलं.
पाठवताना मात्र पुढचीच बाजू स्कॅन केली.

सहाव्या आठवड्यात पत्र: चूक समोरच्याची.
स्केचमुळे की मागच्या बसच्या कॅमेऱ्यामुळे,
लिहिलेलं नव्हतं.
होंडा भंगारात गेली. अठराशे चाळीस पौंड.
नेणाऱ्याने डिकीतली छत्री
आणि फुटलेली शेंगदाण्यांची पुडी
नीट एका पिशवीत घालून दिली,
दाणे वेचून.

आता दुसरी गाडी आहे, करडी.
त्या रेघेशी आले की थांबते,
लागतं त्याहून जरा जास्तच.
उजवीकडे बघते. रस्ता मोकळा. तरी थांबते.
मागचा हॉर्न वाजवतो.
वाजव बाबा.
दिसतेय ना मी तुला.